मोहिमेचा भात

शुक्रवारी दुपारी पावणेदोन वाजता मार्तंडरावांनी साखरभातात रोवलेला डाव वर ओढला, तेव्हा डावाबरोबर भात आला, भाताबरोबर भगुणं आलं आणि सांडलेल्या पाकानं भगुण्याला चिकटलेलं शेगडीचं स्टँडही आलं.

"अहो, काय पडलं?" बाहेरच्या खोलीतून प्रभावतीबाईंनी विचारलं.

"काही पडलं नाही," मार्तंडराव म्हणाले. ते खरंच होतं. काहीच पडत नव्हतं, हीच तर अडचण होती.

मार्तंडराव पिंगळीकर चार वर्षांपूर्वी सरकारी रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. तीस वर्षं जुने कागद चाळून त्यांना मोडी वाचता येऊ लागली होती, आणि मोडी वाचता येते म्हणजे आपल्याला इतिहास कळतो अशी त्यांची समजूत झाली होती. प्रभावतीबाई गेल्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाचा नारळ टेबलावर ठेवता ठेवताच त्यांनी सांगून टाकलं होतं, "दोन्ही नोकऱ्या एकाच वर्षी धरल्या होत्या, दोन्ही एकाच दिवशी सोडते." तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात. शेजारच्या पिंगळी गावाहून येणाऱ्या बायनाबाई सकाळी भाकरी-भाजी करून ठेवत, दुपारी भांड्यांना येत. मार्तंडराव स्वतः साधं वरण लावायलाही कधी ओट्याशी उभे राहिले नव्हते. पण इतिहास म्हटल्यावर गोष्ट वेगळी होती.

या गोष्टीला कारण झालं गोदा-दुधना इतिहास मंडळ. मंडळात अकरा सभासद होते. सगळे साठीच्या पुढचे, सगळे निवृत्त, आणि घरात आपलं कुणी ऐकून घेत नाही ही सगळ्यांची सारखीच पात्रता. दर महिन्याला एकेकाच्या घरी बैठक होई आणि यजमानानं स्वतःच्या हातानं एक ऐतिहासिक पदार्थ करून घालावा असा नियम होता. मागच्या महिन्यात पाळी होती अध्यक्ष दत्तरावांची. दत्तराव एके काळी रस्त्यांचे ठेकेदार होते. रस्ते खोदता खोदता त्यांना इतिहासाची गोडी लागली. त्यांनी "सातवाहनकालीन आंबील" केली होती. मार्तंडरावांनी पहिला घोट घेतला, वाटीतून हिरव्या मिरचीचा तुकडा दोन बोटांत धरून वर काढला आणि भर बैठकीत विचारलं, "अध्यक्ष, मिरची या देशात पोर्तुगीजांनी आणली. सातवाहनांना हिचा ठसका कसा काय लागला?"

दहाजण हसले. दत्तराव हसले नाहीत. "पुढची बैठक तुमच्याकडं हाय ना, मार्तंडराव?" ते म्हणाले. "येतो की. चांगला जेवायच्या तयारीनं येतो."

त्या दिवसापासून मार्तंडरावांना झोप नव्हती. मिरची नाही, बटाटा नाही, टमाटा नाही, असा कुणालाच बोट ठेवता येणार नाही असा पदार्थ हवा होता. तो त्यांना पाथरीच्या एका घरच्या माळ्यावरून आलेल्या वहीत सापडला. मोडीत एकच ओळ होती: तांदूळ शेर १, साखर ७, तूप पुरेसे, पाक पक्का करणे.

"सात काय?" प्रभावतीबाईंनी विचारलं होतं.

"सात शेर."

"एक शेर तांदळाला सात शेर साखर? भात करायलात का मुरंबा?"

"प्रभा, त्या काळची माणसं वेगळी होती."

"माणसं वेगळी असतील हो. दात तर हेच असतील ना?"

"इतिहासात अंदाज चालत नाही," मार्तंडराव म्हणाले आणि वहीत नसलेला "शेर" त्यांनी अंदाजानं लिहून टाकला.

मग भांड्याचा प्रश्न आला. स्टील चालणार नव्हतं, ॲल्युमिनियम तर नाहीच नाही, आणि कुकर म्हणजे इतिहासाची टिंगल. शेवटी ते कोपऱ्यावरच्या मारुती मंदिरात गेले. तिथले पुजारी सीताराम दर शनिवारी एका मोठ्या पितळी भगुण्यात प्रसादाची खिचडी करत. "घेऊन जा काका," सीताराम म्हणाले, "पण उद्या सकाळी खिचडी हाय. आज संध्याकाळपर्यंत घासून, पुसून पायजे." भगुण्याबरोबर हातभर लांबीचा पितळी डावही त्यांनी दिला. गॅसबद्दल मात्र मार्तंडरावांनी स्वतःला सूट दिली. अग्नी कोणत्याही शतकात अग्नीच असतो, असं त्यांनी आदल्या रात्रीच टिपणात लिहून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर सुरुवात झकास झाली होती. तुपात लवंगा फुलल्या, तांदूळ परतला गेला, घरभर असा वास सुटला की प्रभावतीबाईंनीसुद्धा एकदा पेपर खाली केला. मग सात शेर साखरेचा पाक चढला. "पक्का करणे" असा वहीचा हुकूम असल्यानं मार्तंडरावांनी तो एकतारी झाला तरी उतरवला नाही, दोनतारी झाला तरी उतरवला नाही. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर वाटी टण्णकन वाजली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. भात पाकात पडला. मोत्यासारखा चमकत होता.

तिथंच थांबून वाढला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता, आणि फोटोत मिक्सर यायला लागला. मार्तंडरावांनी मिक्सरवर उपरणं टाकलं. मग पाण्याचा फिल्टर दिसायला लागला. त्याला धोतर नेसवलं. फ्रीज फार उंच होता. त्यासाठी त्यांनी कपाटातून प्रभावतीबाईंचा लग्नातला शालू आणला, खुर्चीवर चढून तो फ्रीजवरून सोडला, निऱ्या नीट केल्या. सगळं विसावं शतक झाकून होईस्तोवर पंचवीस मिनिटं गेली. फोटो सुंदर आला. भात मात्र तोवर जो बसला, तो बसलाच.

"माझा शालू!" दारात येऊन उभ्या राहिलेल्या प्रभावतीबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर भगुण्यातून सरळ उभ्या असलेल्या डावाकडं गेली. त्यांनी पुढं होऊन भातावर बोटानं टकटक केली. दारावर केल्यासारखा आवाज आला.

"प्रभा, जरा बसलाय फक्त."

"जरा? ह्याच्यावर मजला चढंल."

तेवढ्यात बायनाबाई भांडी घासायला आल्या. त्यांनी आत वाकून पाहिलं. "अगं बया! काका, भगुण्यात फरशी कशापायी बसवलीया?"

"भात आहे तो, बायनाबाई."

"भात?" बायनाबाईंनी डाव धरून हलवून पाहिला. "आमी ज्वारीची मानसं, भात सणावारीच करताव. पर असला न्हाई बघितला."

इलाज सुरू झाले. पहिल्यांदा वरून उकळतं पाणी ओतलं. पाणी गोड झालं, भात तसाच. मग भगुणं पुन्हा गॅसवर चढवलं. त्यानं एवढंच झालं की तळाचा पाक वितळून काळा पडला, घरात धूर कोंडला, आणि सबंध गोळा भगुण्याच्या आतल्या आत गोल फिरायला लागला. डाव खुंट्यासारखा धरून बायनाबाईंनी दोन फेरे घालून बघितले.

"ताई, जातं झालंय की! पायलीभर ज्वारी द्या, दळून देते."

"बायनाबाई, थट्टा नको," मार्तंडराव घाम पुसत म्हणाले. "सीतारामला भगुणं द्यायचंय. पाच वाजता मंडळ यायलंय."

मग तिघांनी मिळून भगुणं गॅलरीत नेलं, दोघांनी डावासकट उपडं धरलं आणि बायनाबाईंनी बुडावर वरवंटा हाणला. एक, दोन, तीन. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "कोण पाडायलंय बिल्डिंग?" म्हणून ओरडलं. भात सुटला नाही. भगुण्याला मात्र तीन ठिकाणी पोचे आले. धक्क्यानं एक तुकडा तेवढा उडाला, गॅलरीच्या कठड्याला लागला आणि कठड्याचा टवका काढून पायाशी आला. बायनाबाईंनी तो बशीत ठेवला.

साडेचार वाजले. मार्तंडराव सोफ्यावर बसले. गेल्या महिन्यात वर काढून दाखवलेला तो मिरचीचा तुकडा आता त्यांच्याच डोळ्यांपुढं नाचू लागला होता.

"खरं सांगून टाका," प्रभावतीबाई म्हणाल्या. "म्हणावं, फसला. माणसाचं फसत न्हाई का काही? बायनाबाईला पोहे टाकायला सांगते."

"दत्तराव मला जन्मभर हसतील."

"तुमी न्हाई का हसलात त्यांना?"

मार्तंडरावांनी मान डोलावली. सांगून टाकायचं असं ठरलं आणि त्यांना जरा हलकं वाटलं. मग पाच वाजता बेल वाजली, दत्तराव आत आले, त्यांच्या मागून नऊ सभासद आले, आणि टेबलावरचं भगुणं बघून दत्तरावांच्या तोंडावर जे हसू पसरलं, ते पाहून मार्तंडरावांचा सगळा निश्चय विरघळला. त्या दिवशी त्या घरात विरघळलेली तेवढी एकच गोष्ट.

"हे काय म्हणायचं, मार्तंडराव?" दत्तरावांनी डावाला टिचकी मारली. टिणकन आवाज झाला. "साखरभात म्हणला होतात तुमी."

"साखरभातच आहे," मार्तंडराव म्हणाले, आणि पुढचे शब्द कुठून आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "पण हा घरचा साखरभात नव्हे. हा मोहिमेचा भात."

प्रभावतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"सातपट साखर कशासाठी असेल, विचार करा," मार्तंडराव आता भरात आले. "टिकायला! सहा-सहा महिने फौजा घराबाहेर. चूल कुठून पेटवणार? शत्रूला धूर दिसतो. मग असा भात करायचा, घोड्याच्या पाठीला बांधायचा आणि मुक्कामाला कुऱ्हाडीनं फोडून वाटायचा. पोर्तुगीजांची एक वस्तू यात दाखवा!"

सभासद एकमेकांकडं बघायला लागले. एकानं पोच्यांवरून हात फिरवला. "आणि हे मार कशाचे?"

मार्तंडराव काही बोलायच्या आत दुसऱ्यानंच सांगितलं, "भांडं जुनं दिसायलंय. लढाईतले असतील."

आता अध्यक्षांची पंचाईत झाली. मान्य करावं तर मार्तंडराव वरचढ ठरतात, अमान्य करावं तर आपल्याला हे माहीत नव्हतं असं होतं. दत्तरावांनी ठेकेदारीत आयुष्य काढलं होतं. अशा खड्ड्यातून बाहेर पडण्याची त्यांना सवय होती.

"ह्यात नवीन काय हाय?" ते म्हणाले. "आमच्या घरात हा भात पिढ्यान्‌पिढ्या होता. आमच्या आज्याचा आजा तर आठपट साखरेचा खायाचा. आन्‌ कुऱ्हाड-बिऱ्हाड काही न्हाई. नुसत्या दातानं!"

असं म्हणून त्यांनी बशीतला, कठड्याला लागून आलेला तो तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर कडकन चावला.

आवाज मोठा झाला. भाताचा नव्हता. दत्तरावांचे डोळे भरून आले, हात गालाकडं निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला. आठपट खाणाऱ्याच्या वंशजाला सातपटीनं "आई गं" म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"कसा लागला, अध्यक्ष?"

दत्तरावांनी मान हलवली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच अध्यक्षीय भाषण झालं नाही. बैठक वीस मिनिटांत आटोपली. जाताना त्यांनी कागद मागून घेतला आणि ठराव तेवढा लिहून दिला: "सदर भात फोडू नये. भांड्यासह जतन करावा." मग रुमालात दाताची कॅप गुंडाळून ते जिना उतरले.

ते जातात न जातात तोच सीताराम भगुणं न्यायला आले. त्यांनी भगुण्याकडं पाहिलं, डावाकडं पाहिलं, मग मार्तंडरावांकडं.

"हे आता भांडं न्हाई राहिलं," प्रभावतीबाईंनी सांगितलं. "इतिहास झालाय त्याचा. ह्यांच्या मंडळानं ठराव केलाय."

"आन्‌ माझी उद्याची खिचडी?"

प्रभावतीबाईंनी निमूटपणे माळ्यावरून दहा लिटरचा कुकर काढून दिला. दुसऱ्या दिवशी खिचडी दोन शिट्ट्यांत झाली. ते भगुणं परत आणू नका, असं सीताराम स्वतः येऊन सांगून गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत भात फार लांब गेला. भगुणं दत्तरावांच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बसलं. खाली पाटी आली: "मोहिमेचा भात. काळ: प्राचीन." गावातल्या एका पेपरात फोटो छापून आला. ताडकळसहून किशनराव नावाचे एक गृहस्थ खास एस्टीनं आले आणि आपल्या पणजोबांच्या पाठीत लढाईच्या वेळी असाच भात लागला होता, त्याचा वण मरेपर्यंत होता, असं शपथेवर सांगून गेले. दोन शाळांनी आपल्या मुलांना भात बघायला आणलं.

मार्तंडरावांना आधी गुदगुल्या झाल्या. मग एका सकाळी त्यांनी वही पुन्हा काढली. पेपरचा बातमीदार अजून माहिती मागत होता. यावेळी त्यांनी भिंग घेतलं. "साखर ७" च्या पुढं, कागदाच्या घडीत, एक बारीक अक्षर होतं. "छ."

त्यांनी ते प्रभावतीबाईंना दाखवलं.

"छटाक," त्या म्हणाल्या. "शेराचा सोळावा हिस्सा. सात छटाक साखर. म्हणजे अर्ध्या शेराला कमीच. आता बरोबर वाटायलंय."

मार्तंडरावांनी भिंग खाली ठेवलं. तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी कागदावर नसलेलं अक्षर कुणाला वाचून दाखवलं नव्हतं, आणि असलेलं कधी गाळलं नव्हतं. कपाटासमोर रांगेत उभी राहून वहीत "मोहिमेचा भात" लिहून घेणारी शाळेची मुलं त्यांना आठवली.

"पुढच्या बैठकीत सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर सांगितलं. उभं राहून, वही हातात धरून, शालू आणि वरवंट्यासकट. "मंडळी, हा भात मीच केला. फसलेला आहे. हे बघा, छ. म्हणजे छटाक."

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. "विनय बघा माणसाचा," एकजण शेजाऱ्याला म्हणाला.

दत्तरावांनी वही मागून घेतली. नवी कॅप बसली होती, आवाज पूर्ववत झाला होता. त्यांनी भिंगातून सावकाश बघितलं. "छ. हाय, कबूल. पण छ. म्हणजे छटाक कशावरून? छ. म्हणजे छावणी! साखर सात, छावणीसाठी. मार्तंडराव, तुमचाच सिद्धांत पक्का झाला की!"

पुन्हा टाळ्या पडल्या. आधीच्यापेक्षा मोठ्या.

मार्तंडराव घरी आले ते तणतणत. "करूनच दाखवतो," ते म्हणाले. "वहीप्रमाणं. सात छटाक घालून. खाल्ल्यावर तरी कळेल."

"दाखवा," प्रभावतीबाई म्हणाल्या. मग पदर खोचत त्या जूननंतर पहिल्यांदा स्वयंपाकासाठी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मी हात लावणार न्हाई. नुसतं सांगते. आधी तांदूळ धुवा. अहो, धुवा म्हणजे कपड्यासारखे न्हाई."

तीन वेळा भात करावा लागला. पहिला चिकट, दुसरा कच्चा. तिसऱ्या वेळी पाक एकतारी झाल्याबरोबर प्रभावतीबाईंनी "बस्स!" म्हणून गॅसच बंद केला. त्या भाताचं शीत न्‌ शीत मोकळं होतं. लवंगेचा वास होता, लिंबाची किंचित आंबटी होती, आणि गोडी अशी की जिभेवर येऊन थांबावी. बायनाबाई दोनदा मागून जेवल्या. "काका," त्या म्हणाल्या, "ह्यो मातर जमला बगा."

रविवारी मार्तंडराव तो भात डब्यात भरून दत्तरावांच्या घरी घेऊन गेले. कपाटासमोर मांडी घालून सगळं मंडळ बसलं होतं. दहा वाट्या भरल्या, दहा वाट्या रिकाम्या झाल्या. दोघांनी बोटं चाटली. दत्तरावांनी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली, तीही संपवली, ओठ पुसले आणि मग ते मार्तंडरावांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "चव झकास हाय. वहिनींना सांगा माझ्याकडून. पण मार्तंडराव, तुमच्यासारख्या अभ्यासू माणसाकडून ही अपेक्षा नव्हती."

"का? काय चुकलं?"

दत्तरावांनी काचेतल्या भगुण्याकडं एकदा आदरानं बघितलं.

"अहो, हा खाता येतो."

मंडळानं एकमतानं नोंद केली की पिंगळीकरांचा दुसरा भात रुचकर असला तरी इतिहासाला धरून नाही. नोंद लिहून होईपर्यंत डब्यात काही उरलं नव्हतं.